अडविलेले पाणी आणि खालचा काठ

धरण म्हणजे पाणी अडविण्याचे साधन, अशी व्याख्या आपण शाळेत शिकतो. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. पाणी कायमचे कोणालाच अडविता येत नाही. जे अडविले ते आज ना उद्या, या वाटेने नाही तर त्या वाटेने, सोडावेच लागते. किती सोडावे, केव्हा सोडावे, कोणाच्या हुकमाने सोडावे आणि सोडण्यापूर्वी खालच्या काठावरील माणसास कोणी सांगावे, हे चार प्रश्न प्रत्येक बांधाच्या पोटात दडलेले असतात. पुणेकरांस हे प्रश्न पुस्तकांतून शिकावे लागले नाहीत. ते त्यांना १२ जुलै १९६१ या दिवशी पानशेतने शिकविले.

आजचा आमचा विषय मात्र निराळ्या पाण्याचा आहे. समुद्रापासून दूर, नदीच्या किंवा जलाशयाच्या काठी जी अणुवीजकेंद्रे उभी राहिली, त्यांच्यातून निघणारे किरणोत्सारी सांडपाणी जगाने गेल्या ऐंशी वर्षांत कसे हाताळले, त्याचा हा इतिहास आहे. पानशेतच्या पुराशी याचा काय संबंध, असे कोणी विचारील. पुराचे पाणी तासाभरात घरे पाडते. अणुकेंद्राचे पाणी डोळ्यांस दिसतही नाही आणि बहुतेक वेळा ते कोणाचे काही बिघडवीतही नाही. दोन्हींची भीती एका मापाने मोजणे अडाणीपणाचे होईल, हे आम्ही आरंभीच सांगून टाकतो. तरीही वर सांगितलेले चार प्रश्न दोन्ही ठिकाणी तेच आहेत, आणि पुण्याच्या श्रोत्यांपुढे ते मांडावयाचे तर पानशेतपासून आरंभ करणे हाच सरळ मार्ग होय.

पानशेतचे धरण आंबी नदीवर आहे. आंबी, मोसी आणि मुठा यांचे पाणी एकत्र होऊन खडकवासल्यास येते. खडकवासल्याचे दगडी धरण इंग्रजी अमदानीतले, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. वाढत्या पुण्याला ते पुरेना म्हणून १९५७ साली वरच्या अंगास पानशेत येथे मातीच्या धरणाचे काम सुरू झाले. १९६१ च्याच पावसाळ्यात पाणी साठवावयाचे अशी घाई झाली. पाणी बाहेर सोडण्याच्या मोरीचे आणि तिच्या दरवाजांचे काम पुरे झालेले नव्हते. पाऊस मात्र कोणाच्या वेळापत्रकाकडे पाहत नाही. जलाशय भराभर चढला, अर्धवट दरवाजांखालून पाणी प्रचंड वेगाने मोरीत घुसू लागले, मोरीवरचा मातीचा भराव खचला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली; परंतु १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे त्याच दिवशी खडकवासल्याची दगडी भिंतही टिकली नाही. नदीकाठच्या पेठा, डेक्कन जिमखाना, शिवाजीनगर पाण्याखाली गेले. पूर ओसरल्यावर या शहराजवळ चिखल पुष्कळ होता आणि प्यावयास पाणी नव्हते. गोखलेनगर, लोकमान्यनगर या वसाहती त्या पुरातूनच वसल्या.

चौकशीसाठी न्यायमूर्ती बावडेकर यांचा आयोग नेमला गेला. त्यांच्या निधनामुळे तो अपुरा राहिला आणि न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगाने काम पुरे केले. पूर्वी बांधलेल्या बांधाचे दोष कोणते, स्थापत्याच्या चुका कोणत्या, हा एक भाग. आमच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग दुसरा आहे. भराव खचत आहे ही गोष्ट धरणावरच्या माणसांस आदल्या दिवशी ठाऊक होती, आणि खालच्या शहरास वेळेवर पुरेसा इशारा मिळाला नाही. ज्यांच्याजवळ ज्ञान होते ते वर होते. ज्यांना त्याची गरज होती ते खाली होते. आणि दोघांच्या मध्ये जी वाट असावयास हवी होती ती बांधलीच गेली नव्हती. मोरीच्या दरवाजासारखीच तीही अपुरी राहिली होती.

आता अणुकेंद्राच्या पाण्याकडे वळू. अणुभट्टीत युरेनियमचे अणू दुभंगतात, त्यातून उष्णता निघते, तिने वाफ होते आणि वाफेवर जनित्र फिरते. या वाफेला थंड करून पुन्हा पाणी करण्यासाठी नदीतले जे पुष्कळ पाणी घेतात ते नळ्यांच्या आतून वाहते. त्याचा इंधनाशी संबंध येत नाही, ते फक्त कोमट होऊन परत जाते. किरणोत्सारी सांडपाणी ते निराळे. गळालेले थेंब, यंत्रे धुतलेले पाणी, कामगारांचे कपडे धुण्याच्या खोलीतले पाणी, प्रयोगशाळेच्या मोरीतले पाणी, इंधन ठेवण्याच्या हौदाचे पाणी, असे ते थोडेथोडे जमते. त्यात सीझियम, स्ट्रॉन्शियम, कोबाल्ट अशा द्रव्यांचे अंश असतात. आपल्याकडील बहुसंख्य भट्ट्यांत जड पाणी वापरतात. त्यामुळे त्यात ट्रिटियमही येते.

या पाण्याचे करावयाचे काय? तीनच उपाय आजवर माणसाला सुचले आहेत. पहिला, ते टाकीत थांबवून ठेवावे आणि किरणोत्सार आपोआप ओसरू द्यावा. दुसरा, त्यातले द्रव्य गाळून, आटवून, साका करून वेगळे काढावे आणि सिमेंटात घट्ट बसवून पुरावे. तिसरा, जे उरले ते पुष्कळ पाण्यात मिसळून पातळ करून सोडावे. काही तासांचे वा दिवसांचे आयुष्य असलेल्या द्रव्यांना पहिला उपाय पुरतो. सीझियमचे अर्धे होण्यास सुमारे ३० वर्षे लागतात. तेथे दुसराच उपाय हवा, आणि रासायनिक गाळणीने, आयन-विनिमयाने तो बराचसा साधतो. ट्रिटियमची गोष्ट वेगळी. तो हायड्रोजनचाच भाऊ असल्याने पाण्याच्या रेणूतच जाऊन बसतो. पाण्यातून मीठ काढता येते, पण पाण्यातून पाणी कसे काढावे? ते अगदीच अशक्य नाही, तथापि इतके खर्चाचे आहे की थोड्या ट्रिटियमसाठी बहुतेक ठिकाणी तिसऱ्याच उपायाचा आश्रय घेतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२ वर्षांचे आहे आणि त्याचा किरण दुबळा असतो, कातडीही भेदत नाही. पोटात गेल्यावरच त्याचा विचार करावा लागतो.

हे तिन्ही उपाय आज शिस्तीने लिहून काढता येतात. पण इतिहासात ते या क्रमाने आले नाहीत. प्रथम आली ती घाई. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ओक रिज येथे अणुकार्य सुरू केले, तेव्हा १९४३ साली तेथील एका ओढ्यावर बांध घालून एक तळे केले आणि प्रयोगशाळेचे किरणोत्सारी पाणी त्यात निवळू दिले. म्हणजे अणुयुगाचा जन्मच एका धरणाच्या काठी झाला म्हणावयास हरकत नाही. पश्चिमेकडे हॅनफर्ड येथे १९४४ पासून कोलंबिया नदीचे पाणी सरळ भट्टीच्या गाभ्यातून फिरवीत, थोडे तास हौदांत थांबवीत आणि परत नदीत सोडीत. अशा आठ भट्ट्या तेथे झाल्या, आणि त्यांतली शेवटची १९७१ साली बंद पडली. पाण्यातले साधे क्षारही गाभ्यातून जाताना किरणोत्सारी होत आणि पुढे मासळीत उतरत. काठच्या लोकांस याचा हिशेब कळला तो १९८६ साली, सरकारी कागदपत्रांची हजारो पाने उघडी झाली तेव्हा.

सोव्हिएत रशियात याहून वाईट घडले. उरल पर्वताच्या पूर्वेस मायाक नावाचा कारखाना १९४९ पासून १९५६ पर्यंत आपले किरणोत्सारी पाणी टेचा नावाच्या लहानशा नदीत सोडीत होता. सुमारे साडेसात कोटी घनमीटर पाणी आणि २७ लाख क्युरींहून अधिक किरणोत्सार, हा त्याचा हिशेब पुढे जाहीर झाला. काठची खेडी त्याच नदीचे पाणी पीत होती, त्याच कुरणांत गुरे चारीत होती. पुढे सुमारे साडेसात हजार माणसे उठविली गेली. पण का उठविली ते त्यांस धड सांगितले गेले नाही. नदीच्या वरच्या अंगास मातीची धरणे बांधून ते पाणी जलाशयांत कोंडले. आजही ते तेथे आहे. पानशेत ज्याने पाहिले त्याने या मातीच्या बांधांची कल्पना करून पाहावी. टेचाची हकीगत जगापुढे उघड झाली ती १९८९ च्या सुमारास, म्हणजे चाळीस वर्षांनी.

ही कारखान्यांची, बॉम्बच्या धातूची कथा झाली; वीजकेंद्रांची नव्हे, असे म्हणता येईल आणि ते बरोबरच आहे. वीज देणाऱ्या भट्ट्या आल्या तोवर जग थोडे शहाणे झाले होते. ब्रिटनमध्ये विंडस्केल येथून समुद्रात नळ टाकला गेला, तेव्हा तेथील शास्त्रज्ञांनी एक फार चांगला प्रश्न विचारला. सरासरी माणसाचे काय होईल हे न पाहता, ज्याच्यापर्यंत हे द्रव्य सर्वांत अधिक पोचेल असा माणूस कोण, ते त्यांनी शोधले. तो निघाला दूर दक्षिण वेल्समधला, विंडस्केलजवळच्या किनाऱ्यावरील समुद्रशेवाळाची भाजी खाणारा. मर्यादा ठरवावयाची ती त्याच्या ताटाकडे पाहून, असा दंडक पडला. अणुशास्त्राच्या इतिहासात मोठी यंत्रे पुष्कळ आहेत. परंतु या एका प्रश्नाची योग्यता आम्ही त्यांहून कमी मानत नाही.

वेल्समध्येच ट्रॉसव्हनिथ येथे ब्रिटनचे एकमेव समुद्रापासून दूर असलेले अणुवीजकेंद्र १९६५ साली सुरू झाले. ते जलविद्युतीसाठी १९२० च्या दशकात बांधलेल्या एका जलाशयाच्या काठी होते. समुद्रात सोडलेले पाणी पसरून जाते. तळ्यात सोडलेले तळ्यातच रेंगाळते. तेथे मर्यादा ठरविताना गळ टाकणारे लोक त्या तळ्यातले मासे किती खातात याची मोजदाद करावी लागली, कारण सीझियम माशांत उतरत होते. हे केंद्र १९९१ साली थांबले. धरणामागच्या पाण्याकाठी अणुभट्टी बसविणाऱ्या प्रत्येक देशाने ट्रॉसव्हनिथचे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता आपल्या देशाकडे येऊ. मुंबईस तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी पेटली. पुढच्याच वर्षी पानशेतचे काम निघाले. दुसरी मोठी भट्टी १९६० च्या जुलैत सुरू झाली, आणि पुढच्या जुलैत पानशेत फुटले. तो काळच मोठ्या बांधकामांचा होता आणि त्यामागची आकांक्षा खोटी नव्हती. १९६९ साली तारापूरचे केंद्र वीज देऊ लागले. तुर्भे आणि तारापूर ही दोन्ही ठिकाणे खाऱ्या पाण्याच्या काठची. भरती-ओहोटी त्यांच्या मदतीला होती. पण कोळशाच्या खाणी आणि समुद्र या दोहोंपासून दूर असलेल्या प्रांतांसही वीज हवी होती. म्हणून राजस्थानात रावतभाट्यास चंबळेवरील राणा प्रताप सागराच्या काठी, उत्तर प्रदेशात नरोऱ्यास गंगेच्या काठी, गुजरातेत काक्रापारला तापीच्या खोऱ्यात केंद्रे झाली. आणि चौथे झाले ते आपल्या अगदी शेजारी, कैगा येथे.

कैगा हे गाव कारवार तालुक्यात, सह्याद्रीच्या जंगलात, काळी नदीच्या काठी आहे. कारवारचा मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यात होता. तेथे कोकणी आणि मराठी बोलणारी माणसे आहेत, आणि काळी नदी सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्रास मिळते. केंद्राला लागणारे पाणी कद्रा धरणाच्या जलाशयातून घेतात आणि वापरून झालेले तेथेच परत जाते. २२० मेगावॅटची एकेक अशा चार भट्ट्या तेथे २००० ते २०११ या काळात सुरू झाल्या. त्यांतली पहिली भट्टी १३ मे २०१६ पासून ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत न थांबता ९६२ दिवस चालली, हा त्या वेळी जगातला विक्रम ठरला. तेथे काम करणारांच्या कौशल्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु याच कैग्यास बांधकाम चालू असता, मे १९९४ मध्ये, पहिल्या भट्टीच्या घुमटाचा काँक्रीटचा थर कोसळला होता, हेही इतिहासाने नोंदले पाहिजे. भट्टीत इंधन नव्हते म्हणून अनर्थ टळला.

कैग्यास विरोधही मोठा झाला. कन्नडचे थोर लेखक शिवराम कारंत यांनी उतारवयात तो आवाज उठविला आणि १९८९ साली याच प्रश्नावर लोकसभेची निवडणूकही लढविली. ते पडले. लोकांनी त्यांना मत दिले नाही यावरून लोकांस प्रश्नच नव्हता असे अनुमान काढणे मात्र बरोबर होणार नाही. काळीच्या खोऱ्यातील माणसांनी आधी धरणांसाठी गावे सोडली होती, मग केंद्रासाठी जमीन दिली. आमच्या वेल्हे-मावळातल्या धरणग्रस्तांस ही कथा समजावून सांगावी लागणार नाही.

कैग्याचे सांडपाणी कसे सोडतात? ते किरणोत्साराच्या तीव्रतेप्रमाणे निरनिराळ्या टाक्यांत घेतात, शुद्ध करतात, नमुना तपासतात, आणि ठरलेल्या मर्यादेत आले तरच कोमट पाण्याच्या मोठ्या प्रवाहात मिसळून सोडतात. मर्यादा घालून देण्याचे काम १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आले. प्रत्येक केंद्राच्या गावी पर्यावरण-तपासणीची प्रयोगशाळा असते. ती पाणी, गाळ, मासे, दूध, धान्य यांचे नमुने घेते. सामान्य माणसास केंद्रामुळे वर्षाला १ मिलिसीव्हर्टहून अधिक मात्रा मिळता कामा नये हा दंडक आहे. जमीन, आकाश आणि अन्न यांतून निसर्गच आपणास सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट देत असतो. नियामक मंडळाचे वार्षिक अहवाल पाहिले तर केंद्राच्या कुंपणाशी मिळणारी मात्रा त्या दंडकाच्या फार खाली असते. हे आकडे आम्ही मुद्दाम सांगतो. दुधाने तोंड पोळले म्हणून ताकही फुंकून प्यावे हे ठीक. पण ताकाला विष म्हणत सुटणे ठीक नाही.

मग प्रश्न उरला कोठे? तो २००९ साली कैग्यानेच दाखवून दिला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कामगारांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत ट्रिटियम वाढलेले आढळले. शोध घेता असे दिसले की केंद्राच्या आतल्या, पिण्याचे पाणी थंड करण्याच्या यंत्रात कोणी तरी ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले होते. पन्नासांहून अधिक कामगारांच्या शरीरात ते गेले. हे पाणी नदीत गेले नव्हते आणि ते यंत्राच्या दोषाने घडले नव्हते. माणसाच्या हाताने घडले होते. आम्हांस यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. एक, कितीही गाळण्या बसवा, माणसाचा दोष गाळणीत अडकत नाही. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. हा प्रकार उघडकीस आला तो सर्वांची तपासणी नित्यनेमाने होत होती म्हणून. कोणी संशय घेतला म्हणून तपासले असे नाही. तपासण्याची रीतच होती. विश्वास आणि तपासणी यांत विरोध नाही. नित्याच्या तपासणीवरच टिकाऊ विश्वास उभा राहतो.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ब्रेडवुड येथे समुद्रापासून फार दूर एक अणुवीजकेंद्र आहे. त्याचे पातळ केलेले पाणी काही मैलांच्या जमिनीखालच्या नळाने कँककी नदीस नेतात. त्या नळाच्या झडपा गळाल्या. १९९८ आणि २००० साली प्रत्येकी सुमारे ३० लाख गॅलन पाणी जमिनीवर सांडले आणि ट्रिटियम भूजलात उतरले. शेजारच्या वस्तीतल्या विहिरींना ते किती बाधले याचा हिशेब केला तर आरोग्यास मोठा धोका पोचला असे म्हणता येत नाही. पण लोकांना हे समजले ते २००५ च्या अखेरीस. लोक चिडले ते ट्रिटियमवर कमी आणि मधल्या मौनावर अधिक. २००६ साली त्या राज्याने कायदाच केला की परवान्याबाहेर असे पाणी सुटले तर चोवीस तासांच्या आत कळविले पाहिजे. आमच्या मते पानशेतच्या चौथ्या प्रश्नाचे हे एक लेखी उत्तर आहे. ते युरेनियमच्या शास्त्रातून आले नाही, शेजाऱ्यांच्या रागातून आले.

जपानात २०११ च्या त्सुनामीनंतर फुकुशिमास साठलेले पाणी शुद्ध करून २४ ऑगस्ट २०२३ पासून समुद्रात सोडण्यास आरंभ झाला. ते पाणी आंतरराष्ट्रीय दंडकांत बसते असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने दिला होता. परंतु मच्छीमारांस विश्वासात घेतल्यावाचून ते सोडणार नाही असे वचन २०१५ साली दिले गेले होते, आणि त्या वचनाचे काय झाले हाच त्यांचा प्रश्न राहिला. चीनने तर यांगत्से नदीच्या खोऱ्यातील अणुकेंद्रांचे बेत २०११ नंतर थांबविले. तेथील वीज देणारी मोठी केंद्रे समुद्रकाठीच राहिली. उलट फ्रान्समध्ये ऱ्होन आणि लुआर या नद्यांच्या काठी अनेक केंद्रे दीर्घकाळ चालली आहेत. म्हणजे नदीकाठचे केंद्र सर्वथा अशक्य, असे जगाचा इतिहास म्हणत नाही; आणि ते सर्वत्र सारखेच सोपे, असेही म्हणत नाही.

येथे आमच्या नद्यांचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. युरोपातल्या नद्या बर्फाच्या आणि बारमाही पावसाच्या पाण्यावर जगतात. दख्खनच्या नद्या चार महिने माजतात आणि आठ महिने रोडावतात. जुलैतली मुठा आणि मे महिन्यातली मुठा ही एकच नदी आहे असे परक्यास शपथेवर सांगावे लागेल. पातळ करून सोडण्याचा उपाय ज्या पाण्यावर अवलंबून आहे ते पाणी वैशाखात किती असते, हा प्रश्न म्हणूनच पहिला. वर्षाच्या सरासरीवर मर्यादा ठरविणे म्हणजे आषाढातला पूर वैशाखाच्या खात्यावर जमा धरण्यासारखे आहे. दुसरे असे की आपल्याकडे नदीकाठचे केंद्र बहुधा धरणाच्या पाण्यावर चालते. धरणाचे दरवाजे एका खात्याच्या हाती, केंद्राच्या टाक्या दुसऱ्या खात्याच्या हाती, आणि खालची गावे तिसऱ्याच्या, किंबहुना कोणाच्याच हाती नसतात. २०१९ च्या ऑगस्टात कद्रा धरणाचे दरवाजे उघडले तेव्हा खालच्या गावांत पाणी शिरले. त्या पाण्यात किरणोत्साराचा प्रश्न नव्हता. पण एका नदीवर किती हुकूम चालतात आणि ते खालच्या काठास कसे पोचतात, हा प्रश्न होताच.

हुकूम देणारा आणि तपासणारा वेगळे असावेत, हे तत्त्व आम्हांस पानशेतच्या चौकशीपासून परिचित आहे. अणुकारभारात या तत्त्वाची वाट अवघड राहिली. नियामक मंडळ ज्या खात्यावर लक्ष ठेवते त्याच खात्याच्या आयोगाकडे त्याला जबाबदार राहावे लागते, ही उणीव भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात दाखविली. स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचे एक विधेयक २०११ साली लोकसभेत मांडले गेले होते. २०१४ साली लोकसभेच्या मुदतीबरोबर ते बाद झाले. कायदे पुढेही बदलतील. परंतु कोणताही कायदा वाचताना नागरिकाने एवढे पाहावे की नळ ज्याचा आहे त्याच्याच हाती मोजपट्टी तर दिलेली नाही ना.

पुढचा काळ या प्रश्नाचे महत्त्व वाढविणारा आहे. हरियाणात गोरखपूर येथे कालव्याच्या पाण्यावर केंद्र आखले गेले. मध्य प्रदेशात चुटका येथे नर्मदेवरील बर्गी जलाशयाच्या काठी, ज्यांना त्या धरणाने एकदा उठविले त्यांच्याच शेजारी दुसरे आखले गेले. कैग्यासही ७०० मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या ठरल्या. कोळसा जाळून आकाश काळवंडते हे आता सर्वांस पटले आहे, आणि वीज तर सर्वांस हवी आहे. पुण्यातल्या सभागृहातले दिवे आणि पंखे चालू ठेवून अणुवीज नकोच असे म्हणणे सोपे आहे. त्याच पंख्याखाली बसून काळीच्या काठच्या माणसास ‘तू घाबरू नकोस’ असे सांगणे त्याहून सोपे आहे. दोन्ही टाळून काय करता येईल?

आमच्या मते मागण्या थोड्या आणि स्पष्ट असाव्यात. पाणी सोडण्याची मर्यादा उन्हाळ्यातल्या नदीकडे पाहून ठरावी. ती ठरविताना, विंडस्केलने शेवाळ खाणारा शोधला तसा आपल्या नदीवरचा सर्वांत उघडा माणूस शोधावा. तो बहुधा रोज त्याच जलाशयातली मासळी खाणारा भोई किंवा त्याच पाण्यावर वाफा भिजविणारी बाई असेल. सोडलेल्या पाण्याचे आकडे वर्षअखेरच्या अहवालात टक्केवारीने तर यावेतच. पण महिन्याच्या महिन्याला, गावाच्या भाषेत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही लागावेत. केंद्राच्या प्रयोगशाळेखेरीज जवळच्या विद्यापीठाने वा महाविद्यालयाने तेच नमुने घेऊन ताडून पाहावेत. आणि परवान्याबाहेर थेंबही सुटला, तो निरुपद्रवी असला तरी, त्याच दिवशी खालच्या काठास कळविले जावे. यातली एकही मागणी अणुशास्त्राला जड नाही. मोजण्याची यंत्रे आहेत, मोजणारी माणसे आहेत, आकडेही आहेत. खर्च आहे तो फक्त सांगण्याच्या सवयीचा.

कोणी म्हणेल, लोकांस आकडे कळत नाहीत, उगाच घबराट होईल. हाच युक्तिवाद टेचाच्या काठी झाला असेल, ब्रेडवुडलाही झाला असेल. लोकांस आकडे कळत नाहीत हे जितके खरे, तितकेच हेही खरे की न सांगितल्याने ते कधीच कळणार नाहीत. पावसाळ्यात खडकवासल्यातून किती क्युसेक पाणी सोडले ते आज पुण्यातला पानवालाही विचारतो आणि त्या आकड्याचा अर्थ लावतो. त्यातून घबराट होत नाही. नदीपात्रातल्या गाड्या वेळेवर निघतात, झोपड्यांतली माणसे वेळेवर हलतात. क्युसेक हा शब्द या शहराने कोणत्या महाविद्यालयात शिकला? तो त्याला एका पुराने शिकविला आणि पुढे रोजच्या बातमीने अंगवळणी पाडला. बेकरेल हा शब्द काळीच्या, चंबळेच्या, नर्मदेच्या काठच्या माणसांनी तसाच रोजच्या बातमीने शिकावा, पुराने शिकू नये, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.